हिंदी बोलेल त्याने कप विसळायचे

आमच्या झाशीच्या मराठी मंडळात एक जुना नियम आहे. बैठकीत जो हिंदी बोलेल, त्याने शेवटी सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे. नवऱ्याच्या नोकरीपायी मी नाशिकहून इथे आले तेव्हाही तो होताच, आणि मला फार आवडायचा. दिवसभर 'भैया, जरा सुनिए' करून जीभ थकलेली असायची. सिव्हिल लाइन्समधल्या त्या हॉलमध्ये तासभर मराठी कानावर पडली की बरं वाटायचं.

यंदा गणपतीच्या आधी मंडळाला अचानक तरुणांची आठवण झाली. मुलं कार्यक्रमांना फिरकत नाहीत, तर त्यांना काय हवंय ते त्यांनाच विचारू या, असं ठरलं. मुलांनी माझ्या लेकीला पुढे केलं. ती बारावीला आहे, पुढच्या वर्षी कॉलेजसाठी झाशी सोडणार. म्हणजे तिचा इथला हा शेवटचाच गणपती.

तिचं मागणं साधं होतं. उत्सवातली एक संध्याकाळ मुलांच्या हाती द्यायची. नाटक मुलंच लिहितील, आणि त्यात त्यांचे शेजारपाजारचे दोस्तही असतील. ते मराठी नाहीत, पण रोज आरतीला येऊन आरत्या तोंडपाठ म्हणतात. आमची मराठी मुलं इनमीन सात-आठ, तेवढ्यांवर नाटक उभं राहतं थोडंच!

लेकीला मराठी सगळी समजते, पण बोलते ती हिंदीच. आरशासमोर उभं राहून तिने हे सगळं मराठीत बसवलं. मी शब्द सुचवायला गेले की म्हणायची, "रुको ना मम्मी, मैं खुद करूँगी."

बैठकीत ती उठली. अडखळली, लालबुंद झाली, पण एकही हिंदी शब्द न घेता सगळं बोलली. माझा ऊर भरून आला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वाह बिटिया, क्या बात है!" अध्यक्षकाका म्हणाले. ते इथून जवळच्याच गुरसरायच्या, पिढ्यानपिढ्या इकडे राहिलेल्या जुन्या मराठी घराण्यातले.

"काय गोड मराठी बोलते हो!" शेजारच्या काकूंनी माझा हात दाबला. कुणी संस्कारांचं कौतुक केलं, कुणी डोळे पुसले. ती मात्र उत्तराची वाट पाहत उभीच होती, आणि ती का उभी आहे हे कोणाच्या ध्यानातच येईना. शेवटी मीच म्हटलं, "अहो, तिने काहीतरी मागितलंय."

"हो हो, बघू की," काका म्हणाले, आणि चहा आला. काकांनी काही कप विसळले नाहीत. अध्यक्षांना कोण सांगणार?

पुढच्या बैठकीत कार्यक्रम वाचून दाखवला. श्लोकपाठांतर, वेशभूषा, सगळं नेहमीचं. नवीन एवढंच, की सूत्रसंचालन माझ्या लेकीकडे. "तरुणांना वाव द्यायलाच हवा," काका म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. हीच तर पंचाईत. माणसं वाईट असती तर मी कडाकडा भांडले असते. पण माझ्या बाळंतपणात याच घरांतून डबे आले, लेकीच्या बारशाला पाळणा याच काकूंनी सजवला. भांडू कोणाशी?

ती उठली. "अंकल, मैंने ये नहीं माँगा था. हमें एक शाम चाहिए थी, अपने दोस्तों के साथ."

सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या. मग काकांनी हसत बोट नाचवलं. "बेटा, कप!"

सगळ्यांना सुटल्यासारखं झालं, सगळे हसले. तिने माझ्याकडे पाहिलं. "अहो, ऐकून तरी घ्या तिचं," मी म्हटलं. दुसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात म्हटलं. त्या हशात ते कोणाच्या कानापर्यंत गेलंच नाही.

तिने मुकाट्याने कप गोळा केले. मी मागोमाग मोरीपाशी गेले. "मी विसळते, तू जा आत."

"रहने दो मम्मी. रूल है ना."

ती रडली असती तर तिला जवळ तरी घेता आलं असतं. ती एकेक कप नीट विसळून पालथा घालत होती, आणि मी नुसती उभी होते. आत हॉलमध्ये चर्चा रंगली होती. सूत्रसंचालनाला तिला नऊवारीच शोभेल, यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं. ती कोणाकडून आणायची, एवढंच ठरायचं राहिलं होतं.