सभेत मध्येच बोलणारी

नाशिकला वर्तमानपत्राच्या डेस्कवर इंग्रजी बातम्या मराठीत करताना एक क्रियापद नेहमी अडायचं: हेकल. बोलणाऱ्याला मध्येच टोमणे मारून, ओरडून बेजार करणं, हा त्याचा आजचा अर्थ. मी 'हुर्यो उडवली' असं लिहून मोकळा व्हायचो. एका दुपारी काम कमी होतं म्हणून शब्दकोश उघडला. हेकल हे मुळात अवजार निघालं. जवस आपण चटणीपुरता ओळखतो. युरोपात त्याच्या खोडातल्या तंतूंपासून लिननचं कापड विणतात. ते तंतू विंचरायची लोखंडी दातांची फणी म्हणजे हेकल. गुंता सुटेपर्यंत तंतू तिच्यातून पुन्हा पुन्हा ओढायचे. पुढे स्कॉटलंडमध्ये निवडणुकीच्या उमेदवाराला भर सभेत प्रश्नांनी विंचरून काढण्यासाठी हाच शब्द वापरला जाऊ लागला. हुल्लड आणि टिंगल त्याला नंतर चिकटली.

त्याच सुमारास नांदगाव तालुक्यातल्या आमच्या गावी दूध सोसायटीची वार्षिक सभा होती. मी बातमीसाठी नव्हे, चुलतीला मोटारसायकलवरून सोडायला गेलो होतो. गाव तिला आक्का म्हणतं. ती ओढ्यापलीकडच्या वाडीत राहते. वाडीचं दूध संकलन केंद्र बंद करून सगळं दूध गावात घ्यायचं, असा विषय सभेपुढे होता. तसं झालं तर वाडीतल्या बायकांना रोज पहाटे किटल्या घेऊन ओढा ओलांडावा लागला असता. आक्काचे गुडघे गेलेले. केंद्र उठलं तर गाय विकायची, हे तिने येताना रस्त्यात मला सांगितलं होतं.

अशा सभेची रीत ठरलेली असते. सचिव विषय वाचतो, वाक्य संपायच्या आत पुढची रांग 'मंजूर, मंजूर' म्हणते, आणि पुढचा विषय येतो. मंडपामागे स्वयंपाक तयार असतो.

केंद्राचा विषय वाचायला घेतला आणि आक्का उभी राहिली. बंद का करायचं, एवढंच तिने विचारलं. टेम्पोला वाडीचा फेरा परवडत नाही, असं चेअरमन म्हणाले. पण टेम्पो तर वाडीवरूनच पुढे जातो, ती म्हणाली. पुढचा विषय घ्या, चेअरमन सचिवाला म्हणाले. तिने तेच पुन्हा विचारलं. पुढच्या रांगेत हशा पिकला. आक्काला आमदारकीचं तिकीट द्या, असं कोणी तरी सुचवलं.

"आक्का, भाजी गार व्हतीय ना," दुसरा म्हणाला.

"होऊ दे गार. भाजी परत चुलीवर ठेवता येती. केंद्र एकदा उठलं का परत नाय येत."

हेकल शब्दाच्या आजच्या अर्थाचं काम पुढची रांग करत होती, जुन्या अर्थाचं आक्का. शेवटी चेअरमन कंटाळले. तुमची सूचना काय ती सांगा, म्हणाले, लिहून घेऊ. तोवर पुढच्या रांगेच्या माना स्वयंपाकाच्या वासाकडे वळल्या होत्या.

"वाडीचं केंद्र हाय तिथंच चालू राहावं," आक्का म्हणाली.

"मंजूर, मंजूर," पुढची रांग सवयीने म्हणाली.

 मग मागे बसलेल्या वाडीतल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. सचिवाने, त्याच्याही सवयीने, ठराव लिहून टाकला होता. चेअरमननी हात वर केला. हे चुकून झालं, विषय परत घेऊ, म्हणाले.

आक्का अजून उभीच होती. "चेअरमन, इतकी वर्सं इथं मंजूर झालेलं कधी माघारी घेतलंय का? मग आमचंच का?"

चेअरमननी पुढच्या रांगेकडे पाहिलं. आपण न ऐकताच मंजूर म्हणतो, हे त्यांच्यापैकी कोणालाही उभं राहून सांगता येईना. मग केंद्र चालू ठेवायचं का, यावर हात वर करून मत घ्यायचं ठरलं. मागचे हात आधी वर गेले, त्यांच्यामागून गावातल्या बायकांचे. सगळ्यात शेवटी भाजीची काळजी करणाऱ्याचा हात वर गेला, खांद्यापर्यंतच. आक्काने तो पूर्ण वर जाईपर्यंत वाट पाहिली आणि मगच ती खाली बसली.