हिरड्याच्या कापडावरचा हात

हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं कापड फिकट पिवळं दिसतं, पण लोखंडाचं पाणी लागलं की क्षणात काळं पडतं. म्हणून गंजके खिळे आणि गूळ मुरवलेलं त्या पाण्याचं मडकं मी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला ठेवते. काल त्यातच हात घालून ढवळत होते, तेवढ्यात माझी लेक चिखलाच्या पायांनी या टोकाला फरशीवर वाळत घातलेल्या हिरड्याच्या कापडावरून धावली. मी उठून तिच्यापाशी गेले आणि ओल्या हातानेच तिच्या गालावर सणसणीत ठेवून दिली. त्या झोकात माझा तोल गेला आणि तोच हात कापडावर टेकला.

पाचही बोटं उमटली, काळी कुळकुळीत. कितीही घासली तरी जाईनात.

रंगासाठी मी दिवसभर ठेचते, उकळते, पिळते, दगडावर आपटते. त्याचं कधी काही वाटलं नाही, कापड थोडंच रडतं! हेच हात घरात आले की आपोआप मऊ होतात, असं मी धरूनच चालले होते.

संध्याकाळपर्यंत तिच्या गालावरचा लाल वळ उतरला. जेवायला हाक मारली, तर ती कापडापाशी बसून त्या काळ्या पंजावर आपला तळवा ठेवून बघत होती.

"आई," ती म्हणाली, "तुझा हात केवढा मोठा आहे गं."