वहीतला रक्तदाब

कंपाउंडर म्हणजे अर्धा डॉक्टर, असं लोक म्हणायचे. हा गडी स्वतःला पाऊण तरी समजायचा. तीस वर्षं दंडांना पट्ट्या गुंडाळून रक्तदाब मोजण्यात गेली होती. "चेहरा बघून आकडा सांगतो," अशी फुशारकी मारायचा.

बायकोला महिन्यातून एकदा दवाखान्यात बोलावून तो तिचाही दाब मोजायचा. डाव्या हाताला आवाजच येईना, तेव्हा त्याने यंत्राला नावं ठेवली आणि वहीत एकशेवीस-ऐंशी ठोकून दिलं. पुढच्या महिन्यात तेच, आणि पुढे दोन वर्षं दर महिन्याला तेच. "वेणी घालताना हात भरून येतो हो," असं ती म्हणाली, तर हा पेशंटसमोर हसून म्हणाला, "काम टाळायची सोंगं सगळी!"

मग एका सकाळी ती ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. मोठ्या हॉस्पिटलात कळलं, रक्तवाहिन्यांच्या भिंतींना आतून सूज होती आणि डाव्या हाताकडे जाणारी वाहिनी बंद झाली होती.

औषधांनी सूज उतरल्यावर तिथल्या डॉक्टरबाईंनी त्याची वही मागवून घेतली आणि त्याला खाटेजवळ बोलावलं. "काका, चिरफाड नाही. मांडीतून बारीक तार नेऊन आत फुगा फुगवू. तुमच्या वहीप्रमाणे तीन महिन्यांपूर्वी दाब ठीक होता. म्हणजे अडथळा नवा आहे, तार सहज जाईल."

"आणि जुना असला तर?"

"तर फार जपावं लागतं. जोर केला तर वाहिनी फाटते."

गप्प राहिला तर अब्रू राहणार होती, बायकोचं काय होईल ते होवो. ती समोरच पडून ऐकत होती.

"ते आकडे खोटे आहेत," तो म्हणाला. "दोन वर्षं त्या हाताला नाडीच लागत नव्हती. मी मनानं लिहिलं." लाजेनं त्याची मान वर होईना. डॉक्टरबाईंनी वहीच्या पानांवर काट मारली.

दुसऱ्या दिवशी तार जायला दोन तास लागले, पण गेली. बायकोची बोटं ऊबदार झाली.

"मला ठाऊक होतं," ती संध्याकाळी म्हणाली. "पट्टी फुगवायच्या आधीच तुम्ही लिहून मोकळे व्हायचात."

"मग बोलली का नाहीस?"

"बाकड्यावर एवढी माणसं बसलेली असायची. तुमच्यावर विश्वास त्यांचा. चारचौघांत तुमचा पाणउतारा कशाला करू?"

तिने हात पुढे केला. त्याला तो धरवेना. बाकड्यावरची माणसं एकेक करून त्याच्या डोळ्यांसमोर येत होती, आणि त्यांतल्या किती जणांचे आकडे आपण मनानं लिहिले, हे त्याला आठवत नव्हतं.