कुवेतचाचांची बादली

कुवेतचाचा कुणाचं नाव लिहिलेला कागद कधी अख्खा टाकत नसत. कुरिअरचं पाकीट आलं की आधी कात्रीनं पत्त्याचा तुकडा कापून घ्यायचे, मग पाकीट केराच्या डब्यात. पनवेलच्या एसटी स्टँडामागच्या गल्लीत त्यांचं सायबर कॅफे होतं. चार कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि मशीनच्या पायाशी पाण्यानं अर्धी भरलेली निळी बादली. झेरॉक्स बिघडली की ती फाडून त्या बादलीत जायची, मग ते कुणाचं रेशनकार्ड असो की शाळा सोडल्याचा दाखला. दुकान बंद करताना बाह्या वर सारून चाचा तो लगदा हातानं ढवळायचे आणि पिळून गोळे करायचे. गिऱ्हाइकं त्यांना हसायची. मी तर जास्तच हसले, कारण रद्दीचा भाव मला पाठ होता आणि हा माणूस विकण्यासारखा कागद पाण्यात घालत होता.

आमची ओळख भांडणानं झाली. तेव्हा मी जासईला कंटेनर यार्डाच्या गेटबाहेर वडे विकायची. झेरॉक्स काढायला त्यांच्याकडे गेले तेव्हा बरोबर चार वडे बांधून नेले होते. माणूस खूश असला की भावात जरा नरम पडतो, हा माझा अनुभव. चाचांनी वडा उचलला नाही, खालचा कागद उचलला. कुणा मुलीचा नोकरीचा अर्ज होता, फोटोसकट.

"उरणची दिसते," ते म्हणाले. "बी.कॉम. झालीय. बाय, तुझ्या ड्रायव्हर लोकांना वडा आवडला की नाय ते अल्ला जाणे, पण या पोरीचा मोबाइल नंबर त्यांना फुकट मिळतोय."

मी म्हटलं, कोरा कागद तुम्ही द्या, मग शहाणपण शिकवा. त्यांनी खरंच एक रीम काढून पुढे ठेवलं. मी दोन मागितली. दीडवर मिटलं. मी जिंकले असं वाटून बाहेर पडले. घरी येऊन उरलेली रद्दी चाळली, तर त्यात बँकेच्या पावत्या, दवाखान्याचे रिपोर्ट, लग्नासाठी पाठवलेली मुलींची माहिती. ती रद्दी मी चुलीत घातली. किळस आली होती, पण चाचांना ते सांगितलं नाही. समोरच्याला कळू द्यायचं नसतं.

त्यांचं हे वेड कुवेतमधून आलेलं होतं. तिथल्या एका कंपनीत ते टायपिस्ट होते. कामगारांच्या नावा-पत्त्यांचं रजिस्टर कुणीही हाताळावं असं टेबलावर पडलेलं असायचं. एका भामट्यानं त्यातले पत्ते उतरवून घेतले आणि कोकणात घरोघर फिरला. तुमचा मुलगा इस्पितळात आहे, ऑपरेशन आहे, असं सांगत. चाचांच्या आईनं हातातल्या बांगड्या काढून दिल्या. "त्याच्याकडे चाकू नव्हता, काय नव्हतं," चाचा म्हणायचे. "फक्त पत्ता होता."

दोन हजार आठ-नऊच्या सुमारास माझा वड्यांचा धंदा मागे पडला होता आणि मसाल्याचा चालला होता. आमचा आगरी मसाला, कांडप मशीनवर माझ्या डोळ्यांसमोर कुटलेला. दुबईहून, पुण्याहून फोन यायला लागले. वेबसाइट हवी म्हणून मी चाचांकडे गेले. त्यांनी आधी चहा मागवला. म्हणजे प्रकरण लांबणार, हे मी ओळखलं.

त्यांनी जे सांगितलं ते असं. वेबसाइटचं नाव विकत नाही, वर्षाच्या भाड्यानं मिळतं. ते नोंदवून देणाऱ्या कंपन्या असतात, त्यांना रजिस्ट्रार म्हणतात. नोंदवताना मालकाचं नाव, घरचा पत्ता, मोबाइल भरावा लागतो आणि ते सगळं एका उघड्या वहीत जातं. जगातला कुणीही माणूस कॉम्प्युटरवर ती वही उघडून बघू शकतो. काही कंपन्या मात्र वहीत तुमच्या जागी स्वतःचा पत्ता लावतात आणि तुमचा पोटात ठेवतात. तशी कंपनी निवडायची.

निवडायची कशी, याचीही त्यांची रीत होती. ते स्वतः वेगवेगळ्या कंपन्यांत एकेक फुटकळ नाव नोंदवायचे आणि प्रत्येक कंपनीला वेगळा ईमेल पत्ता द्यायचे. मग वर्षभर कुठल्या पत्त्यावर कचरा येतो ते पाठकोऱ्या कागदांच्या वहीत लिहून ठेवायचे. ज्या पत्त्यावर कर्जवाले, लॉटरीवाले आले, ती कंपनी बाद. उरलेल्यांना दोन प्रश्न. लपवणं पहिल्या वर्षापुरतं की कायमचं? आणि कुणी येऊन मालकाचं नाव मागितलं तर आधी मालकाला विचारता, की देऊन मोकळे होता? असं चाळून चाळून एकच कंपनी उरली होती. ती सगळ्यात महाग होती.

मी भाव पाडायला सांगितलं. चाचा म्हणाले, "हा माझा भाव नाय, बाय. आणि यात घासाघीस करू नको. कुलूप घेताना करतेस का?"

करते. कुलूप घेतानाही करते. मी उठले आणि नवीन पनवेलमध्ये लॅपटॉप घेऊन घरोघर फिरणाऱ्या एका तरुणाला गाठलं. सेंट लावलेला, हातात दोन मोबाइल, दर वाक्याला मॅडम. त्यानं अर्ध्या भावात नाव दिलं, वर पत्ता लपवणं पहिल्या वर्षी फुकट. चाचांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या तोंडूनच बाहेर पडत होतं आणि मी ते सूट म्हणून ऐकलं. निघताना त्याच्याकडून आणखी शंभर रुपये कमी करून घेतले.

इथे माझ्या धाकट्या बहिणीचं सांगायला हवं. ती नवऱ्याचा मार खाऊन, कपाळावर टाके घेऊन, सासरहून निघून आली होती. भावांनी तिला आठ दिवस ठेवली आणि नवव्या दिवशी समाज काय म्हणेल ते सांगितलं. याच भावांनी जमीन संपादनात गेल्यावर आम्हा दोघींना तहसीलला नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या होत्या. मोबदल्याचे भूखंड त्यांच्या नावावर, बंगले त्यांच्या नावावर. आमच्याकडे मुलींचं नाव कागदावर येतं ते सोडून देण्यापुरतं. ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. मी धाकटीला नवीन पनवेलमध्ये एका सेक्टरात खोली घेऊन दिली. ती खोली कुणालाच माहीत नव्हती, भावांनाही नाही. ती तिथे बसून मसाल्याची पाकिटं भरायची.

आणि लॅपटॉपवाल्यानं मालकाचं नाव विचारलं तेव्हा मी धाकटीचं सांगितलं. आयुष्यात एकदा तरी तिचं नाव मालक म्हणून लागावं, एवढंच मनात होतं. दुकानाच्या परवान्यावर भरतात तसं सगळं खरं भरलं. पूर्ण नाव, खोली नंबर, सेक्टर. अर्धवट पत्त्यावर मालकी खोटी ठरते असं आमच्या डोक्यात बसलेलं. धाकटीनं त्या नोंदणीचा प्रिंट काढलेला कागद देवाच्या फोटोमागे ठेवला.

चाचांना वेबसाइट दाखवायला गेले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "वहीत पत्ता कोणाचा घातलास?" मी म्हटलं, माझ्या कांडपाचा. धडधडीत खोटं. त्यांच्याकडून न घेतल्याचा ते डूख धरून आहेत, असं मला वाटलं होतं. डूख धरणं मला येतं, म्हणून मला ते सगळ्यांत दिसतं.

वर्ष संपलं. नावाचं पुढचं भाडं भरलेलं होतं म्हणून नाव चालू राहिलं, पण लपवण्याचे पैसे वेगळे होते. तशी सूचना आली ती लॅपटॉपवाल्याच्या ईमेलवर. त्यानं ती उघडलीही नाही.

दुपारी मी कांडपावर होते. शेजारणीचा फोन आला. धाकटीच्या दारात तिचा नवरा त्याच्या दोन भावांना घेऊन उभा होता. तो मोबाइलच्या दुकानात कामाला, ही असली वही उघडणं त्याला दोन मिनिटांचं काम. माझ्या मसाल्याच्या पाकिटावर वेबसाइटचं नाव छापलेलं. ते त्यानं वहीत घातलं आणि बायकोचा पत्ता कागदावर काढला. मी पोचेपर्यंत मजल्यावरच्या बायकांनी त्यांना जिन्यावरून खाली काढलं होतं. जाताना तो कागद माझ्या अंगावर फेकून म्हणाला, "पत्ता तुमीच छापलाय. मी परत येनार."

धाकटी आत कडी लावून बसली होती. बऱ्याच वेळानं तिनं दार उघडलं. "ताय," तिनं विचारलं, "त्याला माजा पत्ता कोनी दिला?"

मी त्या कागदाची घडी करून कमरेला खोचली.

कंपनीला फोन लावला. अर्धा तास गाणं ऐकवलं. मग एक गोड आवाज म्हणाला की मॅडम, माहिती तुम्हीच भरलेली आहे, आता लपवायची असेल तर आमच्याकडे ऑफर चालू आहे. माणसाच्या घराचं दार उघडं टाकायचं आणि मग त्यालाच कडी विकायची. मी मासळीबाजारात, ट्रक ड्रायव्हरांत, हप्ता मागणाऱ्यांत धंदा केला आहे, पण असा घाणेरडा सौदा पाहिला नाही. वडे बांधायची ती रद्दी आठवली. फरक एवढाच, की तिथे परक्या मुलीचं नाव होतं.

चाचांकडे गेले तेव्हा वाटलं होतं, हा माणूस आता मला धुणार. त्यांनी कागद वाचला आणि बादलीत टाकला.

"मी सांगितलं होतं, म्हणा ना," मी ओरडले.

"ते म्हणून पत्ता परत येतो का?" ते म्हणाले. "तिला आजच हलव. मग नाव हलवू."

कंपनी बदलायला एक गुप्त कोड लागतो. तो लॅपटॉपवाल्याकडे होता आणि तो टाळाटाळ करत होता. त्याला मी भर रस्त्यात कॉलरला धरून कोड घेतला. तो एक सौदा मात्र मी घासाघीस न करता केला. पण कंपनी बदलायला काही दिवस लागतात, तोवर वही उघडीच राहणार. जुना पत्ता आधी पुसायला हवा होता. पत्ता तर खराच द्यावा लागतो. चाचांनी चष्मा पुसला आणि मालकाच्या जागी स्वतःचं नाव टाकलं, पत्त्याच्या जागी स्वतःचं दुकान.

मी म्हटलं, तो इथे येईल.

"येऊ दे ना. मी सकाळी नऊपासून इथंच असतो."

धाकटीला चाचीनं आपल्या माहेरी नेऊन ठेवलं, मुसलमान मोहल्ल्यातल्या घरात, जिथे तिच्या नवऱ्याला शोधायचं सुचलंही नसतं. माझ्या भावांना हे कळलं तेव्हा त्यांना फार लाज वाटली म्हणे. बहिणीला घराबाहेर काढताना ती वाटली नव्हती.

तो आलाच, चौथ्या दिवशी. मी तिथे नव्हते. चाचांनी त्याला बसवून चहा मागवला, असं शेजारच्या टेलरनं सांगितलं. बायको कुठे आहे, या एका प्रश्नाला चाचांनी तासभर झेरॉक्सचे भाव सांगितले. शेवटी त्यानं स्टूल उचलून मशीनची काच फोडली आणि बादलीला लाथ मारली. सगळ्या दुकानात लगदा पसरला. मी धावत गेले तेव्हा चाचा खाली बसून तो गोळा करत होते. तळहाताला काच लागली होती. "बघ, बाय," ते म्हणाले. "एक अक्षर वाचता येत नाय."

मशीनची भरपाई त्यांनी घेतली नाही. मी चिडून भांडले, तरी नाही. माफी मागायची राहून गेली. मला ते येत नाही, आणि ते मागू देणाऱ्यांतले नव्हते. तीन-चार वर्षांनी ते झोपेतच गेले. त्यांच्या मातीला मी कबरस्तानाबाहेर उभी राहिले. चाचीनं नंतर विचारलं, दुकानातलं काही हवं का. मी बादली मागितली.

वेबसाइट अजून चालू आहे, चाचांच्या त्याच महागड्या कंपनीत. दर वर्षी नूतनीकरणाच्या दिवशी मी ती उघडी वही बघते. मालकाच्या जागी कंपनीचा पत्ता असतो, दुसरं काही नाही. धाकटीचा नवरा अजून अधूनमधून माझ्या कांडपावर येतो, गोड बोलून चौकशी करतो. हा लेखही त्याच्या हाती पडेल, याची मला खात्री आहे. त्यानं तो नीट वाचावा, पुन्हा पुन्हा वाचावा. यात धाकटीचं नाव कुठेही नाही, ती आता कोणत्या गावी असते तेही नाही, आणि तिला लपवणाऱ्या माणसाचं खरं नावसुद्धा नाही. लिहिताना दोनदा चुकून आलं होतं. ते दोन्ही कागद बादलीत आहेत.