गरम लागलेला पाय

पडेगावच्या आमच्या तबेल्यात घोड्यांना नाल ठोकायला एक म्हातारे नालबंद यायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेच्या आठवडाभर आधी त्यांनी माझ्या घोडीच्या पुढच्या डाव्या पायावरून हात फिरवला आणि ते थांबले.

"बेटा, पाँव गरम है, अंदर सूज है. पंधरा दिन सवारी नक्को."

"पण चाचा, ती लंगडत कुठं आहे?"

"लंगडल्यावर कळून काय फायदा?"

मला ते पटलं होतं. तरी मी रोज त्या पायावर गार पाणी सोडलं, पट्टी बांधली आणि सराव चालूच ठेवला. घोडी नेहमीसारखी पळत होती, तेवढंच मी धरून बसले.

स्पर्धेत तिसऱ्या अडथळ्यावरून उतरताना तिचा तो पाय दुमडला. मी वाळूत फेकली गेले. ती तीन पायांवर उभी राहिली, थरथरत. पायामागचा स्नायुबंध तुटला होता. "चालेल ती, पण पाठीवर आता कुणी बसायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

त्या तबेल्यात मी परत गेले नाही. चाचांना तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

घोडी आता चितेगावजवळ एका मैत्रिणीच्या शेतात असते. रविवारी मी गेले, की ती लंगडत येते आणि खोगीर घालून घ्यायला माझ्यासमोर आडवी उभी राहते. मी नुसती तिची मान खाजवते. ती बराच वेळ तशीच उभी असते.