इको पॉइंटवरची चेष्टा

नवऱ्याची चेष्टा करायची एकही संधी मी कधी सोडली नाही, पण माथेरानच्या इको पॉइंटवर केली ती करायला नको होती. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. नातवंडांशी पत्ते खेळताना मी अजूनही लबाडी करते, पकडले गेले की त्यांच्याच अंगावर ओरडते. तरी मधेच ती चेष्टा आठवते आणि हातातले पत्ते खाली ठेवावेसे वाटतात.

तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. म्हणजे अक्कल येऊन जुनी व्हायला हवी होती. पण बाईसाहेबांचा समज असा, की आपल्यासारखं विनोदी माणूस अख्ख्या आमच्या निघोजे गावात दुसरं नाही.

आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. रविवारी जग फिरायला निघतं तेव्हा आमची माणसं फर्स्ट शिफ्टला. म्हणून माथेरानला गेलो तेही गुरुवारीच. आम्ही दोघं आणि शेजारचे भाऊजी-वहिनी. भाऊजी आमच्या ह्यांच्याबरोबरच कंपनीत, प्रेस शॉपला. पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या त्या प्रेसवर यांची बावीस वर्षं गेली होती. लग्नानंतर ज्या प्रवासात देवही नव्हता आणि नातेवाईकही नव्हते, असा आमचा हा पहिलाच. त्या आनंदात मी मुलीचा पंजाबी ड्रेस चढवला. तो घाटातच काखेत उसवला आणि पुढे दिवसभर मी दोन्ही हात अंगाला चिकटवून परेडला आल्यासारखी चालले.

दस्तुरी नाक्याला गाडी सोडली. पुढे वाहनाला बंदी. तांबड्या मातीची वाट, वर दाट झाडी, मधूनच एखादा घोडा.

"किती शांत आहे नाही, अहो?" मी म्हटलं.

हे पुढे चालत होते. वळलेसुद्धा नाहीत.

"बघा," मी वहिनींना म्हटलं, "डोंगरावर आले तरी आमच्या साहेबांचा भाव काही उतरत नाही."

वहिनी हसल्या. भाऊजी हसले नाहीत.

इको पॉइंटला कठड्यापाशी गर्दी होती. जो तो दरीकडे तोंड करून ओरडत होता आणि समोरचा कडा ते ओरडणं परत पाठवत होता. हे पुढे झाले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि घरात मला मारायचे तीच हाक त्यांनी दरीत मारली, "अगं एऽऽ!"

स्वच्छ परत आली. मग बारीक होऊन आणखी एकदा.

हे वळले. तोंडभर हसू. "आला का?"

मला वाटलं, माझी फिरकी घेताहेत. मग मी काय कमी! तोंड पाडून म्हटलं, "कुठला? काहीच नाही आलं."

"न्हाई आला?"

"छे! असल्या मिळमिळीत आवाजाला दरी उत्तर देते होय? जोरात!"

पुन्हा ओरडले. मानेच्या शिरा ताठ झाल्या. मी वहिनींना डोळा मारला आणि यांच्याकडे बघून 'नाही' अशी मान हलवली. तिसऱ्या खेपेला आवाज चिरकला. मागे उभी असलेली एक कॉलेजातली पोरगी न राहवून म्हणाली, "काका, येतोय की! किती मस्त येतोय!"

तिच्याकडे यांची पाठ होती. यांना तेही कळलं नाही. कपाळावर घाम आलेला आणि हे माझ्याकडेच बघत होते, मी काय निकाल देते याची वाट बघत. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. उसवलेली काख विसरून मी टाळ्या पिटत होते.

भाऊजी मधे आले. "वहिनी, बास करा. त्याला आयकू येत न्हाई."

"काय ऐकू येत नाही?"

"उजवा कान पार गेलाय. डाव्यात थोडं हाय. तीन वर्षं झाली. मशीनचा आवाज बदलला की मी त्याला हात करतो. मेडिकलला कान तपासतात, आवाज आला की बटण दाबायचं, तवा हा आवाज सोडणाऱ्या मॅडमच्या बोटाकडं बघतो आन दाबतो. कंपनीला कळलं तर घरी बसवतील."

कानात घालायचे प्लग यांच्या शर्टाच्या खिशातच असायचे. कपडे धुताना मीच ते काढून ठेवायचे. विचारलं तर म्हणायचे, ते घातले की मशीन बिघडलेलं कळत नाही. आणि मी? तीन वर्षं टीव्हीच्या आवाजावरून भांडले. पाठमोऱ्या माणसाला टोमणे मारले. स्वयंपाकघरातून विचारलेल्याला उत्तर आलं नाही, तर दोन-दोन दिवस अबोला धरला. अबोला, आणि तोही ऐकू न येणाऱ्या माणसाशी. इतकी मी हुशार.

हे बाजूला एका दगडावर जाऊन बसले होते. मी शेजारी बसले नाही, समोर उभी राहिले. ओठ दिसावेत म्हणून एकेक शब्द सुटा करत म्हटलं, "आवाज आला होता. तिन्ही वेळा. मी खोटं बोलले."

"मग बरं," हे म्हणाले. "मला वाटलं, आता घसाबी गेला."

मला रडू फुटलं. तशातच विचारलं, "मला का नाही सांगितलंत? मी काय कंपनीत जाऊन सांगणार होते?"

ते बुटावरची तांबडी माती झटकू लागले. मग म्हणाले,

"तू कंपनीला सांगणार न्हाईस, ते ठावं व्हतं. पण तुला कळलं असतं, तर तू माझ्याशी कामापुरतंच बोलली असतीस. आत्ता बोललीस ना, तसं, सुटं सुटं. मला तुझी बडबड पाहिजे व्हती."