आमच्या गेममधलं गाव

गेम बनवणाऱ्यांच्या ऑफिसात कोडपेक्षा किस्सेच भराभर साचतात. कोड निदान डिलीट तरी करता येतो!

डिचोलीच्या बाजारात, माडीवरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं: मी, कोड लिहिणारा प्रकाश आणि संवाद लिहिणाऱ्या पेडण्याच्या सुलभाताई. काम एकच, गेममधलं गाव उभं करायचं. त्या गावातली माणसं खेळणारा चालवत नाही, कॉम्प्युटर चालवतो. त्यांना एनपीसी म्हणतात. पैसे लावणारे पुण्याचे साहेब बजावून गेले होते, "माणसं ठोकळे वाटली तर प्रोजेक्ट बंद." मीही हट्टाला पेटलो. गावात एकही ठोकळा ठेवायचा नाही!

*

पहिला तयार झाला पोदेर, म्हणजे पाववाला. सायकलवरून आला, एका दारात हॉर्न वाजवत उभा राहिला, तो दुपारपर्यंत हलेना.

प्रकाश म्हणाला, "बग आहे."

"बग खंयचो?" सुलभाताई उसळल्या. "आमचो पोदेर असोच. पाव घेतल्याबगर हालना!"

ठेवला तसाच.

*

केरीच्या फेरीबोटीवर माणसं एकमेकांना धडकत. म्हणून प्रकाशने सगळ्यांना वाट द्यायला शिकवलं. दोन म्हातारे धक्क्यावर समोरासमोर आले. हा म्हणतो, "तुमी चला फुडें." तो म्हणतो, "न्हय, तुमी!" मागे सगळं गाव खोळंबलेलं. बोट रिकामी गेली!

शेवटी बरंच खपून आम्ही एका म्हाताऱ्याला थोडा उद्धट केला.

*

एका मिशनमध्ये खेळणाऱ्याने गुपचूप गावाबाहेर सटकायचं होतं. पण वाटेवरचा जो तो विचारायचा, "खंय चललंस?" झालं, पहारेकरी हजर!

साहेबांचा फोन आला, "त्यांना गप्प करा."

म्हटलं, "साहेब, समोरून माणूस गेला आणि कुठे चाललास म्हणून कोणी विचारलं नाही, असं गाव आम्हाला बनवता येत नाही."



*

मग साहेब स्वतःच डेमो बघायला आले. चालू ठेवायचं की बंद, ते त्याच दिवशी ठरणार होतं. त्यांनी कंट्रोलर घेतला आणि गंमत म्हणून विहिरीवरच्या एका माणसाला तलवारीने मारून टाकलं.

गाव थांबलं. दुकानं बंद झाली, शेजारच्या चुली पेटल्या नाहीत, सगळे त्या माणसाच्या घराकडे निघाले. साहेब ह्याला गाठतात, त्याला गाठतात. कोणी खेळातलं पुढचं काम देईना.

"आता खेळायचं कसं?"

सुलभाताई शांतपणे म्हणाल्या, "गावांत मरण जालां, साहेब. आतां बाराव्या दिसापर्यंत कांय ना."

प्रकाशचा हात रीस्टार्टकडे गेला. मी तो घट्ट धरला.

साहेबांनी खेळातला आपला माणूस हळूहळू त्या घरी नेला, ओसरीवर सगळ्यांच्या मागे बसवला आणि कंट्रोलर खाली ठेवला.

"बारावं झालं की फोन करा."